कॉमन बाथरूम किती जणांत, ते बुकिंगच्या आधी सांगा

प्रति,
घरातली खोली, मजला किंवा अख्खं घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने देणारे सर्व यजमान,

स.न.वि.वि.

अशा घरांची लिस्टिंग, म्हणजे बुकिंगच्या संकेतस्थळावरचं जागेचं वर्णन आणि फोटो, लिहून देणं, लिहिलेली तपासणं आणि बुकिंगनंतर आलेल्या तक्रारी निस्तरणं हे आमचं रोजचं काम. त्यातल्या एका प्रकारच्या तक्रारी आम्हाला सगळ्यात जास्त खटकतात, कारण त्या दोन ओळी लिहून टळल्या असत्या. पाहुणा सामान घेऊन दारात येतो आणि तेव्हा त्याला कळतं की बाथरूम आणखी चौघांत आहे, किचन रात्री आठनंतर बंद होतं, किंवा ज्या हॉलचा फोटो बघून पैसे भरले त्या हॉलमध्ये रात्री कोणीतरी झोपतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे: घर पूर्ण भरलेलं असताना कसं असतं, ते लिहा. फोटो काढताना घर रिकामं असतं, पलंगावर सुरकुती नसते, ओट्यावर भांडं नसतं. वर्णनही बहुतेक वेळा त्याच रिकाम्या घराचं लिहिलं जातं. पाहुणा मात्र राहतो ते इतर सगळे आत असताना. कॉमन जागेत राहायला लोकांची ना नसते. भाडं कमी द्यावं लागतं, एकट्याने प्रवास करणाऱ्याला सोबत मिळते, काहींना यजमानाशी गप्पाही हव्या असतात. ज्याला हे चालत नाही त्याने पैसे भरण्याआधीच दुसरीकडे वळावं, यात तुमचंही भलं आहे. असा पाहुणा चुकून आला, तर एका बुकिंगच्या कमाईपेक्षा परतावा, मनस्ताप आणि वाईट रिव्ह्यू महाग पडतो. एअरबीएनबी या बुकिंगच्या संकेतस्थळावर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत पाहुणा ती कंपनीला कळवू शकतो, आणि लिस्टिंगमध्ये लिहिलेलं व प्रत्यक्ष दिसणारं यांत मोठा फरक असेल तर यजमानाच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नाही.

सुरुवात जागेच्या प्रकारापासून करू. बहुतेक संकेतस्थळं तीन मुख्य पर्याय देतात: अख्खी जागा, खासगी खोली, आणि दुसऱ्यांसोबत एकाच खोलीत झोपण्याची सोय. अख्खी जागा म्हणजे ती पूर्णपणे पाहुण्याच्या ताब्यात. त्यात साधारणपणे बेडरूम, बाथरूम, किचन आणि स्वतंत्र प्रवेश धरलेला असतो. चूक कुठे होते ते बघा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, बाहेरून वेगळा जिना आहे, बाथरूमही वरच आहे, पण किचन खाली यजमानांसोबत आहे. ही अख्खी जागा झाली नाही. जिना वेगळा असल्याने किचन वेगळं होत नाही. किचन किंवा बाथरूम यांपैकी एक जरी घरातल्या दुसऱ्या कोणासोबत वापरायचं असेल, तर ‘खासगी खोली’ हाच पर्याय निवडा, मग तुम्ही खोल्या तीन देत असलात तरी. आणि जागा खरोखर अख्खी असेल, पण तुम्ही त्याच आवारात खाली किंवा शेजारी राहत असाल, तर तेही लिहा: ‘आम्ही तळमजल्यावर राहतो. तुमच्या मजल्यावर आम्ही येत नाही.’

यानंतर माणसांचा आकडा. इथे नेहमी सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. ‘शक्यतो गर्दी नसते’, ‘बहुतेक वेळा तुम्हीच असाल’ ही वाक्यं काढून टाका. ज्या आठवड्यात सगळ्या खोल्या जातात, त्याच आठवड्यात तक्रार येते. मोजणी सोपी आहे. भाड्याने दिलेल्या प्रत्येक खोलीची बुकिंगमध्ये परवानगी दिलेली कमाल माणसं, अधिक घरात कायम राहणारे, अधिक नियमित येऊन थांबणारे. तीन खोल्या, प्रत्येकी दोन पाहुणे, घरचे दोघं: म्हणजे आठ. आता प्रत्येक कॉमन जागेसाठी हा आकडा वेगळा काढा. घरच्या दोघांचं बाथरूम त्यांच्या खोलीतच असेल, तर कॉमन बाथरूम सहा जणांत आणि किचन आठ जणांत. वर्णनात हे दोन्ही आकडे आले पाहिजेत. ‘इतर पाहुणे असू शकतात’ एवढ्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

ही इतर माणसं कोण, हेही सांगायला हवं. दर दोन दिवसांनी बदलणारे अनोळखी पाहुणे आणि वर्षभर तिथेच राहणारा भाडेकरू यांच्यासोबत राहण्यात फरक आहे. घरात लहान मूल असेल, कुत्रा-मांजर असेल, कोणी घरूनच काम करत असेल, कोणाची रात्रपाळी असल्याने दिवसा शांतता पाळावी लागत असेल, तर प्रत्येक गोष्टीला एक वाक्य द्या. प्राण्यांबाबत ते कुठे फिरतात हेही लिहा. ज्याला ॲलर्जी आहे त्याला मांजर हॉलमधल्या सोफ्यावर झोपतं की मागच्या अंगणातच असतं, यावरून निर्णय घ्यायचा असतो.

आता बाथरूम. इथे आम्ही सविस्तर लिहिणार आहोत, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

बाथरूमचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला, खोलीला जोडलेलं. दुसरा, खोलीबाहेर पण फक्त त्याच खोलीतल्या पाहुण्यासाठी. तिसरा, कॉमन. पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल गैरसमज कमी होतात. घोळ होतो दुसऱ्याचा. यजमान लिहितो ‘खासगी बाथरूम’, वाचणारा ते अटॅच्ड समजतो, आणि पहिल्याच सकाळी टॉवेल गुंडाळून घरच्यांच्या समोरून हॉल ओलांडायची वेळ येते. म्हणून जायची वाट लिहा: ‘बाथरूम खोलीबाहेर, पॅसेजच्या टोकाला, दारापासून आठ पावलांवर. वाटेत हॉल लागत नाही.’ हॉल लागत असेल तर लागतो म्हणा. पायरी असेल, मजला बदलत असेल, मोकळ्या गच्चीवरून जावं लागत असेल, तर ते टाळू नका. गुडघे दुखणाऱ्यासाठी आणि रात्री दोनदा उठणाऱ्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

‘फक्त तुमच्यासाठी’ हे खरं ठरायला दाराला बाहेरून कुलूप किंवा किल्लीचं लॅच लागतं. ते नसेल तर दुसऱ्या खोलीतला पाहुणा घाईच्या वेळी तेच बाथरूम वापरतो. दिवसा घरी आलेले तुमचे पाहुणे किंवा कामाला येणारी माणसं ते वापरत असतील, तर ते कॉमनच आहे आणि तसंच लिहायचं. काही घरांत दोन खोल्यांच्या मध्ये दोन दारांचं बाथरूम असतं. तिथे ठरलेली गडबड अशी: आत गेलेला माणूस दोन्ही कड्या आतून लावतो, बाहेर पडताना फक्त आपल्या बाजूची उघडतो, आणि पलीकडचा रात्रभर अडकतो. बाथरूम असं असेल तर लिस्टिंगमध्ये तसं लिहा, आत दोन्ही दारांवर ‘जाताना पलीकडची कडी काढा’ अशी पाटी लावा, आणि जमलं तर बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवा.

टॉयलेट आणि आंघोळीची जागा एकत्र आहे की वेगळी, हा तपशील फार थोडे यजमान देतात. एकत्र असेल तर एकाच्या आंघोळीची पंधरा मिनिटं म्हणजे बाकी सगळ्यांसाठी टॉयलेटही पंधरा मिनिटं बंद. सहा जणांना एकच बाथरूम असेल तर सगळ्यांच्या आंघोळी उरकायला नुसते दीड तास लागतात. त्यात गरम पाण्याची भर घाला. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा साठवणीचा गीझर २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण २१ मिनिटं घेतो. ते पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर मिळतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल तर हे चार मिनिटांत संपतं. म्हणजे सहावा माणूस कोमट पाण्याने आंघोळ करतो किंवा दोन तास थांबतो. गीझर मोठा घेता आला तर उत्तम. तोवर हे लिहा: ‘कॉमन बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर आहे. दोन आंघोळींच्या मध्ये २० मिनिटं सोडावी लागतात.’ ज्याला पहाटे निघायचं आहे तो त्याप्रमाणे वेळ ठरवतो, आणि गीझर बिघडला आहे असा फोन तुम्हाला सकाळी सातला येत नाही.

साबण-शाम्पू ठेवायला पाहुण्याला वेगळी फळी आहे की प्रत्येक वेळी खोलीतून नेआण करायची, तेही सांगा. साफसफाई कधी होते तेही, पण रोज होत असेल तरच ‘रोज’ लिहा.

किचनच्या बाबतीत ‘किचन वापरता येईल’ हे वाक्य निरुपयोगी आहे. चहापुरतं पाणी उकळायचं की दोन वेळचा स्वयंपाक करायचा, यात वाचणाऱ्याचा सगळा बेत बदलतो. काही जण बाहेरचं खाणं झेपत नाही म्हणूनच किचन असलेली जागा शोधतात. त्यामुळे वेळ, शेगडी, फ्रीज आणि भांडी या चार गोष्टी स्पष्ट करा. वेळ म्हणजे सुरू होण्याची आणि बंद होण्याची, शिवाय मधली तुमची स्वतःची स्वयंपाकाची वेळ, ज्यात ओटा मोकळा नसतो. शेगडीच्या चार बर्नरपैकी पाहुण्याला किती. फ्रीजमध्ये कुठला कप्पा; ‘मधली पूर्ण फळी आणि फ्रीजरचा उजवा अर्धा भाग’ इतकं नेमकं. फळीवर खोली क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर दुसऱ्याचं दूध संपवल्याची भांडणं होत नाहीत. भांडी कुठली वापरायची, कुठल्याला हात लावायचा नाही, धुवायची कोणी. घरात काही पदार्थ शिजवायला मनाई असेल तर ते घराच्या नियमांत तळाला लपवू नका. तो तुमचा हक्क आहे, पण तो नियम पैसे भरण्याआधी दिसला पाहिजे.

सुविधांच्या यादीत ‘किचन’वर टिक करताना हे लक्षात असू द्या की शोधताना किचनचा फिल्टर लावणाऱ्याला तुमची जागा आणि स्वतंत्र किचनवाली जागा एकाच रांगेत दिसतात. टिक करायला हरकत नाही. पण मग वर्णनाच्या पहिल्या चार ओळींत ‘किचन कॉमन’ हे शब्द आलेच पाहिजेत. स्विमिंग पूल, पार्किंग, वॉशिंग मशीन यांनाही हाच नियम.

हॉलबाबत एक प्रश्न स्वतःला विचारा: रात्री अकरा वाजता तिथे कोण असतं? सोफा-कम-बेडवर आणखी दोघांची सोय दाखवून पाहुण्यांची संख्या वाढवली असेल, तर तो हॉल रात्री कोणाची तरी बेडरूम होतो. मग खोलीतल्या पाहुण्याला पाणी प्यायला जाताना झोपलेल्या माणसाला ओलांडावं लागतं, आणि सोफ्यावरच्याला खासगीपणा राहत नाही. अशा घरात ‘प्रशस्त कॉमन हॉल’ असं लिहिणं चुकीचं आहे. ‘हॉल सकाळी ८ ते रात्री १० सगळ्यांसाठी, त्यानंतर तिथे पाहुणे झोपतात’ असं लिहा. हॉलमधून बेडरूमला दार आहे की नुसता पडदा, दार आतून बंद होतं का आणि बाहेर जाताना कुलूप लावता येतं का, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. आतून कडी आहे पण बाहेरून कुलूप नाही, अशा खोल्या पुष्कळ असतात. लॅपटॉप घेऊन येणाऱ्याला हे आधी कळलं तर तो छोटं कुलूप लागणारी बॅग आणतो, किंवा तुम्ही कपाटाची किल्ली देता.

प्रवेश कसा, हे एका वाक्यात होतं: मुख्य दार कॉमन आहे का, रात्री किती वाजता बंद होतं, किल्ली मिळते की बेल वाजवावी लागते. वॉशिंग मशीनला वार किंवा वेळ ठरलेली असेल तर ती लिहा, आणि वाळत घालायला जागा कुठे तेही. पार्किंगला मात्र थोडं जास्त लिहावं लागतं. जागा राखीव आहे की आधी येईल त्याची? एकामागे एक अशा दोन गाड्या लागत असतील तर आतल्याला निघायला बाहेरचा उठवावा लागतो. हे न लिहिलेल्या घरात पहाटेच्या विमानाला निघालेला माणूस दारं ठोठावत फिरतो. जागेची लांबी-रुंदी टेपने मोजून टाका. ५ मीटर बाय २.५ मीटर असेल तर मध्यम गाडी आरामात बसते, २.२ मीटरच असेल तर दारं उघडायला अडचण होते, आणि मोठी गाडी आणणाऱ्याला हे आधीच कळायला हवं.

पूल, गच्ची, बाग, जिम या गोष्टी बऱ्याचदा तुमच्या नसतात, इमारतीच्या असतात. त्यांच्यावर तुमचा ताबा नसतो, म्हणून शब्दही देऊ नका. ‘इमारतीचा पूल, सर्व रहिवाशांसोबत, वेळा आणि दुरुस्तीची सुट्टी इमारत ठरवते, पाहुण्यांना पास लागतो’ असं लिहिल्यावर पूल एक दिवस बंद राहिला तरी पाहुण्याला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि अशा पुलाचा फोटो पहिला लावू नका. पहिल्या फोटोत जे दिसतं ते आपलंच आहे असं बघणारा धरून चालतो.

कॅमेऱ्याचा विषय कॉमन जागांशी थेट जोडलेला आहे. पूर्वी एअरबीएनबीवर हॉल, पॅसेजसारख्या कॉमन जागेत कॅमेरा लिस्टिंगमध्ये सांगून ठेवता येत असे. ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कुठेही कॅमेरा चालत नाही. बंद करून ठेवलेलाही नाही. बाहेरचा कॅमेरा चालतो, पण तो आहे हे आणि कुठे आहे हे बुकिंगआधी सांगावं लागतं, आणि त्यातून घराचा आतला भाग दिसता कामा नये. आवाजाची पातळी मोजणारं यंत्र फक्त कॉमन जागेत आणि तेही सांगूनच. तुमच्या जुन्या वर्णनात ‘हॉलमध्ये सुरक्षेसाठी कॅमेरा आहे’ अशी ओळ राहून गेली असेल तर आज कॅमेराही काढा आणि ओळही.

फोटोंबद्दल. फोनमधली ०.५ ची (जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स कॉमन जागेसाठी वापरू नका. तिने तीन मीटरचा पॅसेज सहा मीटरचा दिसतो आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. १ची लेन्स घ्या, दारात उभे राहा, छातीच्या उंचीवर फोन धरा. बसेल तेवढं बसू द्या; उरलेल्यासाठी समोरच्या कोपऱ्यातून दुसरा फोटो काढा. प्रत्येक कॉमन जागेचा किमान एक फोटो असावा आणि प्रत्येकाखाली ओळ असावी: ‘कॉमन किचन, कमाल आठ जण’. यजमान सहसा काढत नाहीत असे तीन फोटो आम्ही आवर्जून मागतो: खोलीच्या दारातून बाथरूमकडे जाणारी वाट, फ्रीजमधला पाहुण्याचा रिकामा कप्पा, आणि खोलीच्या दाराची कडी जवळून. यांतला एकही दिसायला सुंदर नसतो, पण मेसेजमध्ये येणारे निम्मे प्रश्न ते वाचवतात. कागदावर हाताने काढलेला नकाशा फोटो म्हणून टाकला तर आणखी उत्तम; पाहुण्याची खोली एका रंगाने, कॉमन जागा दुसऱ्या रंगाने, आणि जिथे पाहुण्याने जायचं नाही तो भाग रिकामा.

हे सगळं कुठे लिहायचं, याचंही भान ठेवा. फोनवर वर्णनाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे जातं. तिथे सूर्यास्ताचं वर्णन आणि कॉमन बाथरूम मात्र तळाला, अशी मांडणी आम्ही परत पाठवतो. नमुना म्हणून आधी आमच्याकडे येतं तसं एक वर्णन बघा:

‘शांत परिसरात, घरच्यासारखं वातावरण असलेली सुंदर खोली. सर्व सोयी उपलब्ध. किचन, हॉल आणि बागेचा आनंद घ्या.’

आणि तेच घर, राहणाऱ्याला उपयोगी पडेल असं:

‘पहिल्या मजल्यावर दोघांसाठी खोली, दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप. बाथरूम कॉमन, एकूण तीन खोल्यांत, कमाल सहा जण. खोलीपासून आठ पावलांवर, त्याच मजल्यावर. टॉयलेट आणि आंघोळीची जागा एकत्र. किचन तळमजल्यावर, आमच्यासोबत, सकाळी ७ ते रात्री ९. दोन बर्नर आणि फ्रीजमधली एक फळी तुमची. हॉल आणि बाग सगळ्यांची. आम्ही दोघं तळमजल्यावर राहतो, सोबत एक मांजर.’

दुसरं वर्णन लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात. परिसर, उजेड, बाग यांचं कौतुक त्याच्यानंतर खुशाल करा.

शेवटचा मुद्दा बदलांचा. बरोबर लिहिलेली लिस्टिंगही जुनी होते. दुसरी खोली भाड्याने काढली की पहिल्या खोलीच्या वर्णनातलं ‘बाथरूम फक्त तुमच्यासाठी’ त्याच दिवशी खोटं ठरतं, आणि ते दुरुस्त करायचं नेमकं राहून जातं, कारण लक्ष नव्या खोलीकडे असतं. घरात कोणी राहायला आलं, गीझर बदलला, इमारतीने पुलाची वेळ बदलली, कुत्रा आणला, की आधी वर्णन बदला आणि मग बाकीचं करा. ज्यांचं बुकिंग आधीच झालेलं आहे त्यांनी जुनं वर्णन वाचून पैसे भरलेले असतात. त्यांना वेगळा मेसेज पाठवा: काय बदललं, आता ती जागा कमाल किती जणांत आहे, आणि हे चालत नसेल तर पूर्ण पैसे परत घेऊन बुकिंग रद्द करता येईल. हा मेसेज बदल ठरला त्याच दिवशी गेला पाहिजे, म्हणजे त्यांना दुसरी जागा शोधायला वेळ मिळतो. त्यांच्या उत्तराची वाट पाहा. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा आणि तोवर त्यांच्या तारखांना दुसरी खोली बंद ठेवा.

कळावे,

आपले,
लिस्टिंग लिहिण्या-तपासण्याचं काम करणारे आम्ही